अमेरिकी नेत्यांची इमिग्रेशनवरची भूमिका टिकते की बदलते, हे कसे तपासावे

एखादा अमेरिकी नेता इमिग्रेशनच्या प्रश्नावर आपल्या शब्दाला जागतो की वारा पाहून पाठ फिरवतो, याची चर्चा आज न्यू जर्सीइतकीच पुण्यात आणि नाशिकमध्येही होते, आणि ती निव्वळ कुतूहलापोटी होत नाही. एच-वन-बी या, कुशल परदेशी कामगारांना तात्पुरती नोकरी करू देणाऱ्या व्हिसाच्या मंजुऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांच्या वाट्याला येतात. त्यामुळे शैक्षणिक कर्ज काढावे का, तिकडे घर घ्यावे का, लग्नाची तारीख कधी धरावी, असे निर्णय अनेकदा एखाद्या भाषणाच्या भरवशावर घेतले जातात. त्या भाषणाची चित्रफीत व्हॉट्सॲपवर येते, तिला त्याच नेत्याची दहा वर्षांपूर्वीची उलट अर्थाची चित्रफीत जोडलेली असते, आणि ‘घूमजाव’ असा शिक्का मारून विषय संपवला जातो. हा शिक्का कधी खरा असतो, तर कधी साफ चुकीचा. तो कधी खरा मानावा हे आपले आपल्याला तपासता येते आणि त्यासाठी लागणारी जवळपास सगळी कागदपत्रे घरबसल्या, विनामूल्य मिळतात. ती कोणत्या क्रमाने पाहावीत आणि कुठे फसगत होते, ते येथे मांडले आहे.

आधी प्रश्नाचे तुकडे करा

‘इमिग्रेशनला पाठिंबा की विरोध’ असा एकच प्रश्न घेऊन बसल्यास तपासणी पहिल्याच पायरीवर बिघडते. सीमेवरील बंदोबस्त, वैध कागदपत्रांविना वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचे भवितव्य, लहानपणी आई-वडिलांबरोबर आलेली मुले, आश्रय मागणारे, कुटुंबाच्या नात्यावर मिळणारी ग्रीन कार्डे (कायम वास्तव्याचे परवाने), नोकरीवर मिळणारे तात्पुरते व्हिसा आणि ग्रीन कार्डांवरील प्रत्येक देशाची सात टक्क्यांची मर्यादा हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. एकावर सढळ असणारा नेता दुसऱ्यावर कडक असू शकतो आणि त्यात कोणतीही विसंगती नसते.

डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचे उदाहरण घ्या. जून २००७ मध्ये सर्वसमावेशक सुधारणांचे विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, चर्चाबंदीच्या (चर्चा थांबवून अंतिम मतदानाकडे जाण्याच्या) मतदानात ४६ विरुद्ध ५३ असे अडकले, तेव्हा सँडर्स विरोधकांत होते. सहा वर्षांनी, २७ जून २०१३ रोजी, तशाच स्वरूपाचे विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले, तेव्हा ते समर्थकांत होते. ही दोन मते शेजारी ठेवली की कोलांटउडी दिसते. परंतु २००७ मध्ये त्यांचा मुख्य आक्षेप तात्पुरत्या परदेशी कामगारांच्या योजनेवर होता. त्यामुळे स्थानिक मजुरी खाली ओढली जाते, असे ते सांगत होते. २००९ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्या बँकांच्या एच-वन-बी भरतीवर निर्बंध घालणारी दुरुस्ती त्यांनी रिपब्लिकन चक ग्रासली यांच्याबरोबर मंजूर करून घेतली. २०१३ मध्ये तो आक्षेप कायम ठेवून, तरुणांच्या रोजगारासाठी दीड अब्ज डॉलरची तरतूद पदरात पाडून घेऊन, त्यांनी विधेयकाला मत दिले. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा एच-वन-बीवर टीका करत होते. तात्पुरत्या कामगारांच्या प्रश्नावर जवळजवळ वीस वर्षे हा माणूस जागचा हललेला नाही. दोन मतांमधला फरक त्यांच्या त्या वेळच्या हिशेबातून आला आहे. एवढ्या मोठ्या विधेयकात नको त्या गोष्टी किती आणि हव्या त्या किती, हा हिशेब दोन्ही वेळी वेगळा निघाला.

उलट बाजूने, शब्द सारखे दिसले म्हणून प्रश्न एकच असतो असेही नाही. २००६ चा सीमाकुंपण कायदा सिनेटमध्ये ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला आणि त्याच्या बाजूने ओबामा, हिलरी क्लिंटन, बायडन आणि शूमर या चौघा डेमोक्रॅटिक सिनेटरांनीही मत दिले. तो कायदा मेक्सिकोच्या सीमेवरील ठरावीक पट्ट्यांत सुमारे सातशे मैल कुंपण घालण्याचा होता. पुढे ट्रम्प यांच्या भिंतीला याच पक्षाने कडाडून विरोध केला आणि डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस सरकारी कामकाजाचा मोठा भाग ठप्प राहिला. ‘तेव्हा कुंपण चालत होते, आता भिंत का नको?’ हा सवाल रास्त आहे, पण त्याचे उत्तर घाईने देऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये शूमर यांनी लहानपणी आलेल्या मुलांना संरक्षण मिळणार असेल तर भिंतीच्या पैशांना तयारी दाखवली होती आणि वाटाघाटी फिसकटल्यावर ती मागे घेतली होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीने भिंत ही देवाणघेवाणीची वस्तू होती. माझ्या मते डेमोक्रॅटिक पक्षाचा सूर या काळात नक्कीच बदलला, परंतु तो बदल सिद्ध करायला कुंपणाचे मत पुरेसे नाही. त्यासाठी दोन्ही वेळच्या मजकुराची लांबी, जागा, खर्च आणि मोबदल्यात मागितलेली गोष्ट शेजारी मांडावी लागते.

तक्ता आणि त्यातील रकाने

एक साधा तक्ता करा. त्यात तारीख, नेमका प्रश्न, नेता काय बोलला किंवा काय केले, त्या वेळी तो कोणत्या पदावर होता आणि समोर कोण होते, असे पाच रकाने असावेत. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि तिथेच निष्कर्ष घसरतो.

माहितीसाठी बातम्यांवर न थांबता मूळ कागदापर्यंत जावे. विधेयकांचे मजकूर, सहप्रस्तावकांची नावे आणि ती नावे कोणत्या तारखेला जोडली किंवा काढून घेतली, हे अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. सिनेटच्या संकेतस्थळावर १९८९ पासूनची नोंदलेली मते नावनिशीवार आहेत. अध्यक्षीय वादविवादांची शब्दशः टिपणे, पक्षांचे जाहीरनामे आणि अध्यक्षांची भाषणे सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टमध्ये एकत्र केलेली आहेत. सभागृहातील आणि समित्यांतील भाषणांच्या चित्रफिती सी-स्पॅन या वाहिनीच्या संग्रहात पाहता येतात. प्रचाराच्या संकेतस्थळावरचा मजकूर निवडणुकीनंतर नाहीसा होतो, पण वेबॅक मशीनमध्ये त्या पानाच्या जुन्या प्रती तारखेसह सापडू शकतात. संकेतस्थळावर एक वाक्य कधी होते आणि कधी गायब झाले, हे त्यातून कळते.

दबावगटांची गुणपत्रके मात्र बेताने वापरावीत. इमिग्रेशन कमी व्हावे असे म्हणणाऱ्या संस्था आणि वाढावे असे म्हणणाऱ्या संस्था, दोघीही खासदारांना श्रेणी देतात. कोणती मते मोजायची हे त्या आपल्या भूमिकेनुसार ठरवतात, त्यामुळे एकाच माणसाची श्रेणी दोन ठिकाणी दोन टोकांना दिसते. एखादे महत्त्वाचे मत आपल्या नजरेतून सुटले आहे का, एवढे पाहायला त्यांचा उपयोग होतो.

एका रात्रीचे दोन जबाब

३ मार्च २०१६ रोजी डेट्रॉइटमध्ये रिपब्लिकन उमेदवारांचा वादविवाद झाला. निवेदिका मेगिन केली यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना विचारले की, तुमच्या संकेतस्थळावर एच-वन-बीबद्दल कडक भूमिका आहे आणि आधीच्या वादविवादात तुम्ही कुशल कामगार यावेत असे बोललात, तर खरे काय? ट्रम्प यांनी सरळ सांगितले की आपण बदलत आहोत, या देशाला अत्यंत कुशल माणसे हवी आहेत. वादविवाद संपल्यावर त्याच रात्री त्यांच्या प्रचारयंत्रणेने निवेदन काढले. स्वस्त मजूर मिळवण्यासाठी होणारा एच-वन-बीचा वापर आपण कायमचा बंद करू आणि कोणत्याही अपवादाशिवाय अमेरिकी कामगाराला आधी नोकरी देण्याची सक्ती करू, असे त्यात होते.

तक्त्यात या रात्रीच्या दोन ओळी होतात. पुढच्या ओळी अशा. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकी कामगारांना प्राधान्य देण्याच्या आदेशावर सही. २२ जून २०२० रोजी नव्या एच-वन-बीधारकांचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत रोखणारी घोषणा. जून २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर, महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीबरोबरच ग्रीन कार्ड द्यावे असे वक्तव्य, आणि लगेच प्रचारयंत्रणेची सारवासारव, की हे फक्त कसून छाननी झालेल्या, सर्वाधिक कुशल पदवीधरांपुरते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याला हे व्हिसा नेहमीच आवडत आले आहेत, असे न्यूयॉर्क पोस्टला सांगणे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावणारी घोषणा. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, देशात काही प्रकारचे कौशल्य नाही म्हणून बाहेरून माणसे लागतात, असे फॉक्स न्यूजच्या मुलाखतीत प्रतिपादन.

हा तक्ता दोन भागांत वाचावा. फक्त बोललेली वाक्ये वाचली तर झोका सतत हलताना दिसतो. फक्त सही झालेले कागद वाचले तर २०१७, २०२० आणि २०२५ या तिन्ही वेळी दिशा एकच, निर्बंधांची. म्हणून सही झालेल्या कागदाला मी नेहमी भाषणापेक्षा जास्त वजन देतो, आणि लेखी निवेदनाला तोंडी उत्तरापेक्षा. ज्याला पुढचा अंदाज बांधायचा आहे त्याने दुसरा भाग आधी वाचावा. पहिला भाग त्या क्षणी समोर कोण बसले होते याची माहिती अधिक देतो.

नोंदलेले मतही फसवते

मतदानाची नोंद हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो आणि बहुतेक वेळा तो तसा असतोही. पण सिनेटच्या कार्यपद्धतीची माहिती नसेल तर त्याच नोंदीवरून अगदी उलटा निष्कर्ष निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट क्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा यांनी वाटाघाटींतून घडवलेला सीमाविषयक मसुदा युक्रेन आणि इस्रायलच्या मदतीसह मतदानाला आला आणि ७ फेब्रुवारीला ४९ विरुद्ध ५० असा पडला. विरोधी मतांच्या यादीत चक शूमर यांचे नाव आहे. विधेयक आणणारे बहुमताचे नेते तेच, आणि विरोधात मतही त्यांचेच. कारण असे की, पडलेल्या ठरावाचा फेरविचार मागण्याचा अधिकार जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच असतो. हरणार हे दिसताच बहुमताचा नेता आपले मत फिरवतो, म्हणजे तोच ठराव पुन्हा मांडण्याची वाट मोकळी राहते. केवळ यादी पाहणारा शूमर यांना या मसुद्याचे विरोधक ठरवील.

याच मसुद्याची पुढची कथा अधिक बोलकी आहे. मे महिन्यात शूमर यांनी सीमेचा भाग वेगळा काढून पुन्हा मतदानाला ठेवला, तेव्हा तो ४३ विरुद्ध ५० असा पडला आणि या वेळी विरोधात लँकफर्ड आणि सिनेमा हे दोघे मूळ शिल्पकारही होते. त्यांचे म्हणणे होते की हे मतदान कायदा करण्यासाठी नसून निवडणुकीच्या प्रचारासाठी आहे. येथे मताची दिशा बदलली, मजकुराबद्दलचे मत मात्र फारसे बदललेले नव्हते. हे पटवून घ्यायचे की नाही ते वाचकाने ठरवावे. पण त्या दिवशीचे भाषण न वाचता ठरवू नये.

भारतीयांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न म्हणजे ग्रीन कार्डांची देशनिहाय मर्यादा, आणि तिथे अडचण वेगळीच आहे. ही मर्यादा नोकरीच्या प्रवर्गातून काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने नोव्हेंबर २०११ मध्ये ३८९ विरुद्ध १५ आणि जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ अशा मतांनी मंजूर केले. सिनेटने आपला वेगळा मसुदा २ डिसेंबर २०२० रोजी सर्वसंमतीने, म्हणजे नावनिशीवार मतदान न घेता मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळले नाहीत आणि कायदा झाला नाही. सिनेटमध्ये मतेच नोंदली न गेल्यामुळे ‘मी पाठिंबा दिला होता’ असे आज कोणीही सिनेटर म्हणू शकतो. अशा वेळी सहप्रस्तावकांची यादी पाहावी, आणि त्याआधीच्या महिन्यांत सर्वसंमतीला उभे राहून हरकत कोणी घेतली, ते सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत शोधावे.

बदल आढळला, तर त्याचे कारण पाहा

भूमिका बदलणे हा स्वतःहून दोष नाही. १९९३ मध्ये नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी, वैध कागदपत्रे नसलेल्या मातांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू नये, असे विधेयक आणले होते. पुढे त्यांनी ती आपल्या कारकिर्दीतील मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले आणि त्यानंतर आयुष्यभर उलट बाजूने काम केले. बदल एकदाच झाला, कबूल केला, आणि पुढच्या सगळ्या मतांत टिकला. असा बदल विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

टेड क्रूझ यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मे २०१३ मध्ये सिनेटच्या न्यायसमितीसमोर या रिपब्लिकन सिनेटरने एच-वन-बीची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून ३,२५,००० करण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनीच सिनेटर जेफ सेशन्स यांच्याबरोबर, अशा कामगाराला किमान १,१०,००० डॉलर पगार द्यावाच लागेल असे विधेयक आणले. दरम्यान व्हिसाच्या गैरवापराच्या बातम्या आल्या म्हणून आपले मत बदलले, असे त्यांनी सांगितले. आणि फ्लोरिडात डिस्नेच्या तंत्रज्ञांना आपल्या जागी आलेल्यांना काम शिकवून नोकरी सोडावी लागल्याच्या बातम्या २०१५ मध्ये खरोखरच गाजल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी आपला इमिग्रेशन आराखडा जाहीर केला होता आणि क्रूझ त्यांच्याविरुद्ध उमेदवारीच्या शर्यतीत होते, हेही तितकेच खरे. तक्त्यात दोन्ही गोष्टी लिहाव्यात. नेत्याच्या मनात काय होते हे कागदावरून कळत नाही, आणि कळल्याचा आव आणू नये.

यासाठी निवडणुकांचे वेळापत्रक तक्त्यावर चढवणे फार उपयोगी पडते. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅककेन यांनी २००५ मध्ये डेमोक्रॅट टेड केनेडी यांच्यासह उदार विधेयक आणले. जानेवारी २००८ मध्ये, अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत, तेच विधेयक आज मतदानाला आले तर आपण त्याला मत देणार नाही असे सांगितले. २०१० मध्ये ॲरिझोनात पक्षांतर्गत आव्हान उभे राहिल्यावर सीमेवरील कुंपण पूर्ण करा अशी जाहिरात केली. आणि २०१३ मध्ये आठ सिनेटरांच्या गटात बसून पुन्हा उदार विधेयक लिहिले. सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते. कडक शब्द मुदतीच्या शेवटी आणि मवाळ कायदा मुदतीच्या मध्यावर असा आकृतिबंध दिसला, तर त्या नेत्याची मूळ ओढ कोणती हे बऱ्यापैकी समजते.

पदही पाहावे. मार्च २०११ मध्ये ओबामा म्हणाले होते की केवळ आदेश काढून काँग्रेसचे कायदे बाजूला ठेवणे अध्यक्षाच्या भूमिकेत बसत नाही. १५ जून २०१२ रोजी त्यांच्याच प्रशासनाने लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण दिले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्याची घोषणा केली. येथे उद्दिष्ट तेच राहिले, अधिकाराबद्दलचे मत बदलले, आणि तक्त्यात ते तसेच लिहायला हवे. बायडन यांनी २०२० मध्ये भिंतीचा आणखी एक फूटही बांधणार नाही असे वचन दिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या प्रशासनाने टेक्सासच्या स्टार काउंटीत बांधकामासाठी २६ कायदे शिथिल केले. हा पैसा २०१९ मध्येच त्या कामासाठी मंजूर झाला होता आणि तो दुसरीकडे वळवता येत नव्हता, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. वचन मोडले हे खरे. मत बदलले असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही, कारण भिंतीचा उपयोग होत नाही हे ते त्याच दिवशीही सांगत होते.

निष्कर्ष लिहिताना आणि वापरताना

निष्कर्ष नेत्यावर लिहू नये, प्रश्नावर लिहावा. ‘अमुक नेता पलटला’ असे लिहिण्याऐवजी ‘तात्पुरत्या व्हिसांवर २०१३ ते २०१५ दरम्यान बदल, कारण असे सांगितले, त्यानंतर स्थिर’ असे एकेका प्रश्नापुढे एक वाक्य पुरे. ग्रासली आणि डेमोक्रॅटिक सिनेटर डिक डर्बिन यांनी एच-वन-बीच्या गैरवापराविरुद्धचे विधेयक २००७ पासून पुन्हा पुन्हा आणले आहे, अगदी २०२५ मध्येही. त्यांच्या रकान्यात ‘स्थिर’ हा एकच शब्द येईल. ते विधेयक इतक्या वर्षांत मंजूर झालेले नाही, हेही शेजारी लिहावे, कारण व्हिसावर असलेल्याला भूमिकेइतकीच तिच्या अंमलाची शक्यता महत्त्वाची असते. वार्षिक ६५,००० ही मर्यादा १९९० च्या कायद्याने घातली, काँग्रेसने ती काही वर्षे १,९५,००० पर्यंत नेली आणि २००४ मध्ये ती पुन्हा खाली आली. अध्यक्षाला तो आकडा स्वतःच्या सहीने बदलता येत नाही; तो प्रवेश रोखू शकतो, शुल्क किंवा अटी लादू शकतो.

नवा आदेश निघाल्यावर तो मूळ मजकुरातच वाचावा आणि त्यात दोन गोष्टी आधी शोधाव्यात: तो कोणत्या क्षणापासून लागू आणि कोणाला लागू. १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा २१ तारखेपासून लागू होणार होती. वाणिज्यमंत्र्यांनी ती रक्कम दरवर्षीची असल्याचे सांगितले आणि सुट्टीवर भारतात आलेल्या अनेकांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटे काढली. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने स्पष्ट केले की रक्कम एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना आहे. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ती लागू नाही.

काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून एखाद्या विधेयकावर किंवा सदस्यावर ईमेलची सूचना लावता येते. देशनिहाय मर्यादा आणि एच-वन-बी या दोन विषयांवरील विधेयकांना आणि आपल्या तक्त्यातील तीन-चार नेत्यांना अशी सूचना लावून ठेवावी. विधेयकावर कृती झाली की तारखेसह निरोप येतो आणि तक्त्याची पुढची ओळ त्यावरून भरता येते.